एका उकाराचं घर

संसारात मी न सांगता घरकाम एकदाच केलं, आणि त्यात चाळीस विटांचा जीव गेला.

झालं ते असं. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात माझी बदली होऊन आठच दिवस झाले होते. भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. घरमालकीणबाई पुतण्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तीन दिवस म्हापशाला निघाल्या आणि जाताना त्यांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली. "मास्तर, मागच्या खोलयेत जरा लक्ष ठेवा." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवायला गेलो आणि दार उघडून उभाच राहिलो. आत अंधार, दमट ऊब, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले बेकरीतले पावाचे चाळीस साचे. प्रत्येकात काहीतरी ठासून भरलेलं आणि त्यावर पांढरीशुभ्र लव, सशाच्या पाठीवर असते तशी. मला वाटलं, बाईंनी चर्चच्या फेस्तासाठी, म्हणजे सणासाठी, काही भाजायला घेतलं आणि विसरल्या. म्हातारं माणूस. परत येऊन बघतील तर ओशाळतील. मग मी बादली, फिनेल आणि काथ्याचा ब्रश घेऊन दुपारभर घासत बसलो. लव गेली. खाली भुसा लागला, तोही घासला. शेवटी सगळं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उन्हाला मांडलं. बायको माहेरी जामसंड्याला गेली होती. नाहीतर मला बादलीला हात लावताना बघून तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला असता.

मालकीणबाई परत आल्या. खळ्यात थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. ओरडल्या नाहीत. पडवीत शाळेतून मोडीत काढलेला एक काळा फळा टांगलेला असे, त्याच्याकडे गेल्या आणि खडूने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

मृत्यू: ४०. कारण: स्वच्छता.

मग मागे वळून मला म्हणाल्या, "चाय घेतलास?"

त्या आमच्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना 'टीचर' म्हणायचं. चर्चमधले फादर टीचर म्हणत, मासळीवाली टीचर म्हणे, आणि एक म्हातारा भटजी होता तो 'टीचरबाय' म्हणे, कारण नुसतं टीचर म्हणणं त्याला उद्धट वाटायचं. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "एकच उमेदवार इलो. तोंडी परीक्षेत नापास." दहापैकी गुण द्यायची त्यांना सवय होती. फादरच्या प्रवचनाला सहा. माझ्या बायकोच्या सोलकढीला नऊ. समुद्राला एकदा चार दिले, "आज मन लावन काम करणा नाय" म्हणून.

आता त्या साच्यांत होतं काय? तर बुरशी. शुद्ध, जातिवंत, मुद्दाम पेरलेली.

मालवणीत बुरशीला बुरो म्हणतात. घाटावर, माझ्या कोल्हापुरात, बुरशी हा पाहुणा आहे. कधीतरी लोणच्यावर येते, आपण हळहळतो, ती जाते. इथे मिरग, म्हणजे मृग, लागला की गणपतीच्या चवथीपर्यंत बुरोच घराचा मालक. चपलेवर बुरो, पट्ट्यावर बुरो, लग्नाच्या अल्बमात माझ्या चेहऱ्यावर बुरो (बायकोच्या मते फोटो सुधारला). टीचरांच्या बी.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर इतका चढला होता की नुसतं 'बी' उरलं होतं. सगळं गाव त्याच्याशी भांडायचं. टीचरांनी मात्र वेगळं गणित मांडलं. "मास्तर, जो मेलो चार म्हयने आमच्या घरात फुकट रवता, तेका कामाक कित्याक लावूचा नाय?"

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की भाताचा पेंढा, सोललेल्या नारळाच्या सोडणाचा चुरा, गिरणीतला भुसा, असला कचरा उकळून त्यात अळमीचं बी घातलं, म्हणजे आपल्या खायच्या अळंबीचंच, तर पंधरा दिवसांत त्याचे पांढरे धागे कचऱ्याला असे आवळून धरतात की त्याची वीट होते. मग ती नीट भाजायची. भाजली की बुरो मरतो आणि वीट राहते. हलकी, उबदार, पाण्यात टाकली तर तरंगणारी. वरून चुन्याचा गिलावा केला की भिंत तयार. "चिरो डोंगर फोडून येता," त्या म्हणत. "सिमेंट खंयसून येता ता देवाक म्हायत. बुरो घरच्या घरी."

हा नुसता छंद असता तर मी आणखी चाळीस विटा मारून मोकळा झालो असतो. पण त्यामागे एक पुतण्या होता.

पुतण्या म्हापशाला. बाथरूमच्या फरश्या विकायचा. स्वभावाने चांगला, आंटीवर जीव, पण माणूस इस्त्रीचा. त्याचे बूट बघून आपण केस विंचरून घ्यावेत असे बूट. टीचरांना पावसात छातीचा खोकला व्हायचा. डॉक्टर म्हणाले, जुन्या घराची ओल. पुतण्या म्हणाला, संपलं, चल म्हापशाला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. टीचर म्हणाल्या, लिफ्टमध्ये खेकडे मिळतात काय? पुतण्या हट्टाला पेटला. तेव्हा टीचरांनी सांगितलं, मी एक सुकी खोली बांधते. कशाची, तेही सांगितलं.

"आंटी, डॉक्टर म्हणता बुऱ्यापासून लांब रव. आणि तू बुऱ्याचा घर बांधतंस?"

"जित्या बुऱ्यापासून लांब. ह्यो मेलेलो."

शेवटी फळ्यावर करार झाला. मी तो रोज शाळेला जाताना वाचायचो. 'चवथीपर्यंत: १. भिंत उभी. २. भिंत सुकी. ३. टीचर खोकत नाय.' तिन्ही जमलं तर टीचर इथेच. एक जरी चुकलं तरी म्हापसा. खाली पुतण्याची खडूतली सही. ती पुसली जाऊ नये म्हणून टीचरांनी त्याभोवती चौकट काढून 'पुसू नये' लिहिलं होतं. ज्या गावात त्या जन्मल्या, जिथल्या तीन पिढ्यांचे कान त्यांनी पिळले, ते गाव आता विटांच्या वजनावर होतं. आणि त्यातल्या चाळीस विटा मी फिनेलने धुतल्या होत्या.

तरी एप्रिलमध्ये उन्हाने साथ दिली, बाकीच्या विटा खडखडीत वाळल्या, भाजल्या, आणि चिऱ्याच्या जोत्यावर वासे उभे राहिले. एवढ्यात गवंडी अडून बसला.

"गाराण्याबिगर मी थापी लावचंय नाय."

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. नारळ ठेवून देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालायचं. एकजण मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. टीचर ख्रिस्ती आणि फादरनी तीर्थ आधीच शिंपडलेलं. पण टीचर म्हणाल्या, "प्रयोगात दोन निरीक्षक असलेले बरे." आता गाऱ्हाणं घालणार कोण? गावात ते घालणारा तो म्हातारा भटजी, त्याचा आवाज बसलेला. गवंड्याने माझ्याकडे बघितलं. "मास्तरानू, तुमी भाषणा करतास मां? मगे घाला."

मी मराठीचा शिक्षक. मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने तपासणारा. आणि बायको अस्सल मालवणी, पंधरा वर्षांचा सहवास. मला काय जड? मी हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या टीचरबायन जो काय नवो बेत मांडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पावसाचो, वाऱ्याचो, वाळवीचो जो काय तरास येयत, तो भायरच्या भायर परतव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला सूर सापडला. मी डोळे मिटले. "आणि ह्या घराचा, घरातल्या माणसांचा, सगळा बुरा कर रे म्हाराजा!"

म्हणायचं होतं 'बरा कर'. 'ब'च्या पायात एक उकार अडकला.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. सवयच ती. गाऱ्हाण्यात देवाला काय मागितलं हे ऐकायची पद्धतच नाही, व्हय म्हणायची आहे. माझी बायकोसुद्धा म्हणाली. मग गवंड्याने थापी खाली ठेवली. कुणीतरी "आवशीचो घो!" म्हणालं.  घराची पहिली वीट लागायच्या आधी मी गावाच्या एकमताने त्याला शाप देववला होता.

तेवढ्यात टीचर हसायला लागल्या. आधी खांदे, मग पोट, मग सगळ्याच. पायरीवर बसल्या, डोळे पुसले. "अरे, माका ह्याच होया व्हता! बरां झाला तर झाला, पण बुरो झालोच पायजे! मास्तर, पन्नास वर्षां प्रार्थना करतंय, पयल्यांदाच कोणीतरी देवाक नेमका सांगल्यान!" गवंड्याने एकदा माझ्याकडे, एकदा नारळाकडे बघितलं आणि थापी उचलली.

त्या दिवसापासून त्यांना नवीन खूळ लागलं. त्यांच्या लोकांत उपकार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. टीचर सगळ्यांना 'देव बुरें करूं' म्हणायला लागल्या. बसच्या कंडक्टरला. पोस्टमनला. एकदा प्रवचन संपल्यावर फादरना. फादर दचकले. टीचर म्हणाल्या, "फरक एका उकाराचो, फादर. मन तेच आसा."

पण बारा विटा कमी पडल्या. चाळीस मेल्यावर नव्या पेरल्या, त्यांतल्या बारांना ऊनच मिळालं नाही. आभाळ भरून आलं. टीचर म्हणाल्या, बेकरीतल्या भट्टीत भाजू, पाव निघाल्यावर. आणि भाजण्याचं काम प्रायश्चित्त म्हणून माझ्याकडे दिलं. "चार तास. कमी नाय."

मी भट्टीसमोर स्टूल टाकून बसलो. पहिला तास ठीक गेला. मग विटांना असा खमंग वास सुटला की बेकरीवाला म्हणाला, मास्तर, करपतत हां. मलाही ते पटलं. आमच्या घरात भाजणीचा वास सुटला की उतरवायची असते. दोन तासांत विटा बाहेर काढल्या. वरून दगडासारख्या. मी त्या टीचरांना दिल्या आणि चार तास झाले असं सांगितलं नाही. 'झाल्या' एवढंच म्हणालो. खोटं नव्हे, व्याकरण. (पुढे आठवडाभर गावातल्या पावाला अळंबीचा वास येत होता, तो गुन्हाही माझ्या नावावर आहे.)

खोली उभी राहिली. एक दार, दोन खिडक्या, वर कौलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून पुढे काढलेलं छप्पर. आत शिरलं की कान बंद झाल्यासारखी शांतता. टीचर खाट घेऊन तिथे राहायला गेल्या. पाऊस कोसळू लागला आणि मी रोज सकाळी पडवीत कान देऊन उभा राहायचो. खोकला येतो का? नाही. आणखी एक दिवस गेला. नाही. बायको म्हणायची, "तुमी तेंच्या खोकल्याची वाट बगतास की चायची?"

ऐन आषाढात पुतण्या पाहणीला आला. पडवीत बूट काढले, भिंत ठोकून बघितली, नाक लावून हुंगली, चहा घेतला. निघताना बूट नाहीत.

"आंटी, माझे बूट?"

"प्रयोगात घेतलंय."

झालं होतं असं की टीचरांनी एक बूट जुन्या घरातल्या कपाटावर ठेवला होता आणि एक नव्या खोलीत खाटेखाली. एकाच कारखान्याचा, एकाच मालकाचा, एकाच पावसात भिजलेला जोड. "तुलना करूक यापेक्षा बरो नमुनो खंय मिळतलो?" पुतण्या चिडला, विनवणी केली, मग सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, शपथ घातली. टीचर ढिम्म. शेवटी तो माझ्या रबरी चपला घालून म्हापशाला गेला. गळ्यात टाय, पायात माझ्या चपला. एकीचा अंगठा तुटून मी तो पिनेने अडकवला होता. बस लांब जाईपर्यंत मला त्या पिनेची काळजी वाटत होती.

आणि आला निकालाचा दिवस. चवथीला दोन दिवस होते. पुतण्या दुपारच्या जेवणाला येणार होता. सकाळी मी नव्या खोलीच्या मागून जात होतो. आमच्या बाजूचा जो कोपरा आहे तिथे नजर गेली. भिंतीला कान फुटले होते. गिलाव्याच्या भेगांतून करड्या-पांढऱ्या, गुबगुबीत, एकावर एक रचलेल्या अळंब्या. अळंब्या आलेल्या विटा मी बोटांवर मोजल्या. बारा.

माझ्या बारा. दोन तासांवाल्या. आतला बुरो मेलाच नव्हता, नुसता रुसून बसला होता.

मी धावत बायकोकडे गेलो. ती खोबरं किसत होती. तिने माझं सगळं कबुलीनाट्य ऐकलं, विळी बाजूला केली, परडी घेतली आणि कोपऱ्यात गेली. दहा मिनिटांत भिंत गुळगुळीत. परडी भरलेली. "कोणाक सांगू नकात," म्हणाली. मग खोबऱ्याचं वाटण लावून त्या अळंबीचं असं झणझणीत तिखलं केलं की माझं पाप सुवासिक होऊन सगळ्या वाडीत पसरलं.

पुतण्या आला. आधी बूट. जुन्या घरातला बूट टीचरांनी दोन बोटांत धरून आणला. हिरवागार. लव वाढलेली, मधे मधे पिवळे ठिपके, पावसात डोंगरावरचा कातळसडा जसा दिसतो तसा. मग नव्या खोलीतला. काळा, कोरडा, चमकणारा. त्यात पुतण्याचं तोंड दिसत होतं आणि ते तोंड उघडं होतं. टीचरांनी फळ्यावर 'सुकी' पुढे बरोबरची खूण केली. 'उभी' पुढे केली. मग छाती भरून श्वास घेतला, सोडला, आणि 'खोकत नाय' पुढे केली.

जेवायला बसलो. पुतण्याचा अळंबीला तीन वेळा हात गेला. "वयनी, जबरदस्त. ही अळमी खंयची? बाजारात तर दिसली नाय."

बायकोने भात वाढला. टीचरांनी वर बघितलं. आणि मी, ज्याला कुणीच विचारलं नव्हतं, तो म्हणालो, "घरचीच."

टीचरांचा घास थांबला. त्या उठल्या, तशाच खरकट्या हाताने मागे गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. कोपऱ्यात देठांचे ठसे होते. त्यांनी ते बघितले, बोट लावलं. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर झालं असतं. पुतण्याला भिंतीतलं काही कळत नव्हतं. बायको डोळ्यांनी विनवत होती. पण टीचर वळल्या आणि म्हणाल्या, "रे, ही अळमी हयसून इली. भिंतीतसून. ह्यो बुरो जितो आसा. तीन नंबरची खूण मी घाईन केलंय." आणि खरोखर पडवीत जाऊन त्यांनी तिसरी खूण पुसली.

मला राहवलं नाही. "टीचर, त्या बारा विटा मी भाजल्या. चार तास नाही. दोन."

"म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "बेकरीवाल्यान तवाच सांगल्यान. म्हणान तर त्यो तुमच्या बाजूक लावलंय."

पुतण्या भिंतीकडे बघत होता. मग स्वतःच्या बोटांकडे, ज्यांना अजून रस लागलेला होता.

"म्हणजे मी भिंत खाल्लंय?"

"खाल्लंस," बायको म्हणाली. "आणि तीनदा मागून घेतलंस."

 पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं, गेल्या टीचर म्हापशाला, आणि त्यांना लिफ्टमध्ये बसवणारा मी. तेवढ्यात पुतण्याच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. तो हसत होता. आंटीसारखाच, आधी खांदे, मग पोट. "मी फरश्यो विकतंय. आजपर्यंत एक गिऱ्हाईक फरशी परत मागूक नाय इला. आणि हयसर माणसा भिंत परत मागतत!" त्याने खडू उचलला. 'खोकत नाय' पुढे स्वतः खूण केली आणि खाली लिहिलं: 'बारा विटा बदलाव्यात. भाजणारा बदलावा.' मग सही.

टीचरांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "दहापैकी नऊ," म्हणाल्या. एक का कापला ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. आवाज थोडा घोगरा होता. खोकला नव्हता.

निघताना पुतण्याने दोन्ही बूट घातले, एक काळा, एक हिरवा. टीचर पुसून देते म्हणाल्या तर नको म्हणाला. खळ्याच्या टोकाला वळून त्याने हात वर केला आणि ओरडला, "आंटी! देव बुरें करूं!" शेजारच्या दोन घरांतून सवयीने आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

पुढे माझी परत बदली झाली. टीचर अजून तिथेच आहेत. दर चवथीला फोन करतात आणि पावसाला गुण सांगतात.

पण त्या दिवशी सगळं निवल्यावर बायको भांडी विसळत होती आणि मी, मदत करायला बंदी असल्यामुळे, नुसता बाजूला उभा होतो. आधी चाळीस, मग गाऱ्हाणं, मग बारा. माझ्याच मनाला लागलं होतं. म्हटलं, "खरं सांग, माणूस म्हणून तरी मी बरा आहे ना?"

तिने पातेलं पालथं घातलं आणि वर न बघता म्हणाली, "बुरो आसास. आवशीन तुमका कच्चेच भायर काडल्यानी. पण ऱ्हवांदे. कच्च्या विटेकच अळमी येतत."